मंचुरियनची गाडी आपल्या गावापर्यंत कशी आली?



आज मी तुम्हाला एका कर्जाच्या अर्जाची गोष्ट सांगणार आहे. मी बचत गटांची सहयोगिनी आहे, त्यामुळे अर्ज रोजच हातातून जातात. कुणाला शेळी घ्यायची असते, कुणाला शिलाई मशीन, कुणाला पापड-शेवयांसाठी भांडवल. त्यावर गटात फार वाद होत नाहीत. पण मागच्या पावसाळ्यात एका गटात असा अर्ज आला, की बैठक दोन तास चालली आणि तरी निर्णय झाला नाही.

अर्ज होता चायनीजच्या गाडीचा. अर्ज करणारी ताई तिशीतली. नवरा गेल्यावर चार वर्षं ती अमरावतीला एका गाडीवाल्याकडे पत्ताकोबी चिरायला, भांडी घासायला जात होती. बघता बघता मंचुरियन, नूडल्स, फ्राईड राईस सगळं शिकली. आता तिला तालुक्याच्या बसस्टँडजवळ स्वतःची गाडी लावायची होती. जुनी हातगाडी, मोठी शेगडी, लोखंडी कढई, दोन पातेली आणि सुरुवातीचा माल मिळून पंचवीस हजार तिनं मागितले होते.

अर्ज वाचून झाला आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी बोलल्या. "कावं बाई, हे चिन्याचं खाणं आपल्या गटानं कायले विकाव? आपली झुणका-भाकर काय वाईट हाय?" दुसरी एक ताई म्हणाली, "अन् तो लाल रंग, तो अजिनोमोटो! लेकरं बिमार पडले तं नाव गटाचं खराब होईन."

अर्जदार ताई मान खाली घालून बसली होती. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, दुसऱ्याला अर्धवट होतं. अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला. मधल्या महिनाभरात मी वाचलं, विचारलं, शोधलं. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडते. हा इतिहास आपल्याला शाळेत कुणी शिकवलेला नाही.

आधी एक कबुली देते. मला मंचुरियन फार आवडतं. पहिली प्लेट मी अकोल्याला खाल्ली, बी.ए.ला असताना. आम्ही दोघी मैत्रिणी, दोघींत मिळून एक प्लेट. शेवटचा पेपर देऊन निघालो होतो. गावची बस सुटायला तासभर होता. गाडीवर मोठा जाळ उठत होता, कढईवर सराटा ठणठण वाजत होता. आम्ही मात्र तोंडाला ओढणी बांधून उभ्या. ऊन म्हणून नाही, गावातलं कुणी पाहील म्हणून! पोरींनी रस्त्यावर उभं राहून खाणं म्हणजे घरी बोलणी ठरलेली. माझ्या आईनं आयुष्यात कधी रस्त्यावर उभं राहून काही खाल्लं नव्हतं. यात्रेत खाल्लं असेल, तेही बसून, पदराआड. ते पत्ताकोबीचे गोळे, तो दाट काळसर रस्सा, वरून कांद्याची पात. तोंड भाजलं, डोळ्यात पाणी आलं, पण बस सुटेपर्यंत आम्ही नुसत्या हसत होतो. आपल्या पैशानं, आपल्या मनानं खाल्लेला तो आमचा पहिला घास होता.

पुढे अमरावतीला कामानिमित्त जाणं वाढलं. तिथं एकीकडे गिला वडा, दुसरीकडे मंचुरियन. मी जिथं खाते तिथलं मंचुरियन कोरडं असतं, सोबत चिरलेली कच्ची पत्ताकोबी आणि झणझणीत लाल चटणी देतात. नागपूरला तेच गोळे नूडल्सवर टाकून मिळाले. गटांचा माल घेऊन मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनाला गेलो, तेव्हा दिवसभर पापड-मसाले विकून संध्याकाळी चायनीज भेळ खाल्ली. तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, त्यात पत्ताकोबी, ढोबळी मिरची, कांदा आणि शेजवान चटणी. म्हणजे चुरमुऱ्यांच्या जागी नूडल्स, बाकी रीत आपल्या भेळेचीच. मैत्रिणींनो, नाव एकच चायनीज, पण शहर बदललं की चव बदलते. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, की याचा खरा पत्ता चीनचा आहे तरी का?

तर ऐका. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा थंड प्रदेश. पण तिथं जाऊन तुम्ही मंचुरियन मागितलं तर कुणाला कळणार नाही. कारण हा पदार्थ तिथला नाहीच. तो आपल्या मुंबईचा आहे.

नेल्सन वँग नावाचे एक स्वयंपाकी होते. चिनी वंशाचे, पण जन्म कोलकात्याचा. पोट भरायला मुंबईला आले आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिनी पदार्थ करू लागले. १९७५ मध्ये एका गिऱ्हाइकानं त्यांना काहीतरी नवं करायला सांगितलं. त्यांनी कढईत बारीक चिरलेलं आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण पुढे गरम मसाला न टाकता त्यांनी सोया सॉस टाकला, कॉर्नफ्लोअर लावून तळलेले चिकनचे तुकडे टाकले आणि रस्सा दाट केला. झालं चिकन मंचुरियन. पुढे शाकाहारी लोकांसाठी त्यात फुलकोबी आली, आणि आपल्या गाड्यांवर येता येता स्वस्तातल्या पत्ताकोबीचे गोळे झाले.

१९७५ हे साल आपल्या ओळखीचं आहे. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, आणि त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. म्हणजे मंचुरियन आणि माविम एकाच वयाचे!

आता प्रश्न असा, की चिनी माणूस कोलकात्यात जन्मला कसा? तर चिनी माणसं भारतात यायला लागली त्याला दोनशे चाळीस-पन्नास वर्षं झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग अछ्यू नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं त्याला कोलकात्याजवळ हुगळी नदीकाठी जमीन दिली. त्यानं तिथं उसाचा मळा लावला, साखरेचा कारखाना काढला आणि त्यासाठी चीनहून मजूर आणले. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. चिनी नववर्षाला कोलकात्याची चिनी कुटुंबं अजून तिथं दर्शनाला जातात. आपण मूळगावच्या देवाला जातो ना, तसंच.

पुढे चीनमधल्या दुष्काळानं आणि लढायांनी आणखी लोक येत राहिले. आल्यावर त्यांनी काय केलं? जे कसब हातात होतं ते केलं. कुणी सुतार झाले, कुणी दात बसवणारे, कुणी जोडे शिवणारे. बायकांनी कोलकात्यात आणि मुंबईत ब्युटी पार्लर चालवले. त्यांच्यात हक्का नावाचा एक मोठा समाज होता. आपण गाडीवर 'हक्का नूडल्स' लिहिलेलं वाचतो, तो हाच शब्द. मला आधी वाटायचं, हे नूडल्सच्या कंपनीचं नाव असेल. पण ते माणसांचं नाव आहे. चिनी भाषेत हक्का म्हणजे पाहुणे, बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबं. ते लोक चीनमध्येच एका मुलखातून दुसऱ्या मुलखात विस्थापित होत गेले, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना पाहुणे म्हटलं. तेच पाहुणे पुढे समुद्र ओलांडून आपल्याकडे आले.

हक्का लोकांनी कोलकात्याच्या टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने काढले. इतर कुणी सहसा करायला तयार नव्हतं असं ते काम. घरात बायका आपल्या पद्धतीचं जेवण रांधत. हळूहळू त्यांच्या खाणावळी झाल्या, १९२०च्या दशकात कोलकात्यात मोठी चिनी हॉटेलंही निघाली. बंगाली गिऱ्हाईक आलं, तसं जेवणात मिरची वाढली, लसूण वाढला, रस्सा दाट झाला. गिऱ्हाइकाच्या जिभेप्रमाणे रांधणाऱ्यानं हात बदलला. १९५०च्या दशकात काही चिनी कुटुंबांनी तिथं सॉसचे कारखाने काढले. चीनहून येणारी बाटली इथंच तयार होऊ लागली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणामुळे टांगऱ्यातले चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले, तेव्हा कित्येक कुटुंबांनी कारखान्याच्या जागीच हॉटेलं थाटली. एक धंदा गेला तर बायका-माणसांनी मिळून दुसरा उभा केला. आपल्या गटांना ही गोष्ट काही नवी नाही.

आपल्या महाराष्ट्रातही चिनी माणसं फार जुनी आहेत. महाबळेश्वरला १८३४ पासून १८६४ पर्यंत एक तुरुंग होता. इंग्रजांच्या ताब्यातल्या मलायाकडच्या बंदरांतून शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी तिथं आणून ठेवत. महाबळेश्वरचे रस्ते करायला तेच कैदी राबले. बटाट्याचे आणि विलायती भाज्यांचे मळेही त्यांनीच तिथं फुलवले. मुंबईत माझगावला १९१९ पासून चिनी लोकांचं एक लहानसं देऊळ आहे. गोदीत आणि जहाजांवर काम करणारे चिनी लोक त्या भागात राहत.

मग १९६२ साल आलं. त्या वर्षी २० ऑक्टोबरला चीननं आपल्यावर हल्ला केला. महिनाभर युद्ध चाललं. आपले जवान हिमालयात बर्फात लढले, शहीद झाले. देशभर राग होता आणि तो साहजिक होता. पण त्या रागात आणखी एक गोष्ट घडली, ती मला हे सगळं शोधताना पहिल्यांदा कळली. भारतात जन्मलेल्या, इथंच वाढलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना सरकारनं ताब्यात घेतलं आणि आगगाडीत बसवून राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत ठेवलं. त्यात म्हातारी माणसं होती, बाया होत्या, लहान लेकरं होती. आसाममधल्या माकूम गावातली कुटुंबं होती. त्यांच्या वाडवडिलांना इंग्रजांनीच चहाच्या मळ्यांत कामाला आणलं होतं. कुणी काही महिने राहिलं, कुणी तीन-चार वर्षं. बाहेर आले तेव्हा कित्येकांची घरं-दुकानं लिलावात गेली होती. त्यांनी काही गुन्हा केला होता म्हणून नव्हे, चेहरा चिनी होता म्हणून त्यांना नेलं. पुढे पुष्कळ जण कॅनडाला निघून गेले. तिथल्या टोरांटो शहरात आज त्यांची हॉटेलं आहेत आणि तिथं ते चिली चिकन आणि मंचुरियन विकतात. आपलं मंचुरियन तिथं 'हक्का चायनीज' म्हणून ओळखलं जातं.

हे वाचताना मला आजींचा शब्द आठवला, 'चिन्याचं खाणं'. आजींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण देशाशी भांडण झालं म्हणून माणसाशी भांडण व्हावं का, हा प्रश्न मनात राहिला. आणि याच्या उलट दिशेनं गेलेली आपली माणसंही आठवली. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं, तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला मदतीला पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. डॉ. कोटणीसांनी तिथं जखमी सैनिकांची सेवा केली, एका चिनी परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला होता, तो आपल्यापैकी काहींच्या आई-वडिलांनी पाहिला असेल.

आता ताटात काय काय आहे ते पाहू. इथं तर मला मोठीच गंमत वाटली.

मंचुरियनचा काळा रंग आणि खारट चव सोया सॉसमुळे येते. सोया सॉस सोयाबीनपासून होतो. सोयाबीन, गहू आणि मीठ महिनोन् महिने आंबवून खरा सॉस तयार करतात. आणि सोयाबीन कुठलं? मूळ चीनचं. तिथं ते हजारो वर्षांपासून पिकतं. आणि आज कुठं पिकतं? आपल्या अकोल्यात, अमरावतीत, वाशिममध्ये, बुलडाण्यात. आपल्या आजोबांच्या काळात वावरात ज्वारी आणि पऱ्हाटी होती. सोयाबीन आलं ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जे. एस. ३३५ हे वाण १९९४ मध्ये आलं, ते आपल्याकडे नुसतं 'तीनशे पस्तीस' म्हणून घरोघर पोचलं. म्हणजे चीनचं पीक आपण वावरात लावतो, त्याच्या भावावर पोरीचं लग्न आणि पोराची फी ठरवतो, निंदायला-सोंगायला आपण बायाच जातो. पण आपलं सोयाबीन जातं तेलाच्या कारखान्यात आणि ढेप जाते कोंबड्या-जनावरांना. गाडीवरची सॉसची बाटली मात्र बाहेरून येते.

मिरची कुठली? तीही आपली नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा मिऱ्यांचा होता. ढोबळी मिरची आणि मकाही अमेरिकेचेच. पत्ताकोबी युरोपातली. म्हणजे ज्या झुणक्यासोबत आपण हिरव्या मिरचीचा ठेचा खातो, तो ठेचासुद्धा कधीकाळी पाहुणाच होता.

शेजवानची गोष्ट आणखी वेगळी. सिच्वान हा चीनमधला एक प्रांत. त्या नावाचं आपण शेजवान केलं. तिथल्या जेवणात एक खास मिरी असते, तिनं जीभ बधिर होते, झिणझिण्या येतात. आपल्या लाल शेजवान चटणीत ती बहुधा नसतेच, नुसती सुकी लाल मिरची, लसूण आणि तेल. आपण लसणाची लाल चटणी वाटतो, तिचीच ती बहीण. आणि त्या चिनी मिरीचं सख्खं भावंडं कुठं आहे, माहीत आहे? आपल्या कोकणात! कोकणातल्या बाया माशाच्या कालवणात तिरफळ टाकतात, ते त्याच जातकुळीचं.

आणि शेवटी चहा. चहा हे रोप चीनचं. इतकंच नाही, 'चहा' हा शब्दही चिनी 'छा' वरून आलेला. आपल्याकडे चहाचे मळे इंग्रजांनी लावले. आसाममध्ये चहाची झाडं मुळात होती, पण पानं वाळवून चहा कसा करायचा हे शिकवायला १८३०च्या दशकात चिनी कारागीर आणावे लागले होते. आज चहा नाही अशी बैठक आपल्या गटाची होते का?

मग हे चायनीज हॉटेलातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून तालुक्याला कसं आलं? १९७०-८०च्या दशकांत ते मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत होतं. सॉसच्या बाटल्या देशात स्वस्त मिळू लागल्या. १९८३ मध्ये मॅगी आली, टीव्हीवर जाहिरात आली आणि नूडल्स हा शब्द घराघरांत गेला. गॅसची मोठी शेगडी हातगाडीवर बसली. नेपाळकडून आणि ईशान्य भारतातून आलेल्या पोरांनी शहराशहरांत गाड्यांवर काम केलं, त्यांच्याकडून आपली पोरं शिकली. आणि आमच्या अर्जदार ताईसारख्या बाया मागं बसून पत्ताकोबी चिरता चिरता शिकल्या. या धंद्याला भांडवल थोडं लागतं. भाजी स्वस्त, गोळे दुपारीच तळून ठेवता येतात आणि गिऱ्हाईक आलं की पाच मिनिटांत प्लेट तयार होते.

आता दुसऱ्या ताईच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न खरा आहे. मी स्वतः एकदा एका गाडीवर खाऊन दोन दिवस सलाईनवर होते. तेल काळं पडलेलं मला दिसत होतं, तरी खाल्लं. चूक माझीही होती.

लाल रंगाचं म्हणाल तर भीती अगदी खरी आहे. ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये आणि लहान लेकरं खातात त्या 'म्हातारीच्या केसां'मध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. त्यांनी गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले होते, त्यातल्या १०७ मध्ये कृत्रिम रंग सापडले. 'म्हातारीच्या केसां'त तर रोडामाइन-बी सापडला, जो कापड रंगवायचा रंग आहे, खायचा नाहीच. गोव्यातही हेच झालं. २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहात गोबी मंचुरियनच्या दुकानांवर निर्बंध आले आणि २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेनं आपल्या हद्दीत त्यांच्यावर बंदीच घातली. कारण सांगितलं अस्वच्छता आणि रंग.

पण नीट पाहा. कर्नाटकानं बंदी केली ती रंगावर, मंचुरियनवर नाही. तिथं आजही रंग न टाकता मंचुरियन विकता येतं. रंग चवीसाठी नसतोच, तो डोळ्यांसाठी असतो. सुकी लाल मिरची रात्री भिजवून वाटली तर तोच लाल रंग येतो आणि चवही येते.

अजिनोमोटोचं वेगळं आहे. ते चिनी नाही, जपानी आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या रश्शातून ती चव वेगळी काढली आणि पुढच्या वर्षी 'अजिनोमोटो', म्हणजे चवीचं मूळ, या नावानं ती बाजारात आली. त्यातला जो मूळ पदार्थ आहे तो टोमॅटोतही निसर्गतः असतो. ते विष नाही, पण त्यात मिठासारखंच सोडियम असतं. सोया सॉसमध्ये आधीच मीठ भरपूर. वरून हे टाकलं तर ब्लड प्रेशर असलेल्या माणसाला चांगलं नाही. शिवाय जे टाकल्याशिवायही चव येते, ते टाकायचं कशाला? लसूण, आलं, मिरची चांगली परतली की काम होतं.

महिन्यानं बैठक झाली. मी हे सगळं सांगितलं. मंचुरियन मुंबईचं आहे हे ऐकून बाया हसल्या. देवळीच्या छावणीचं ऐकून मात्र शांत झाल्या. आजींच्या हातात चहाचा कप होता. मी म्हटलं, "आजी, तुमच्या हातात हाय ते बी चिन्याचंच, व माय." आजींनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग सोडून देऊ काय?" सगळा गट खळखळून हसला.

पण आजींनी पुढे जे विचारलं ते महत्त्वाचं होतं. त्या म्हणाल्या, "मी झुणका-भाकर म्हनलं ते उगाच नाही. आपल्या हातचं आपुन विकत नाही, अन् लोकायचं शिकून विकतो. मंग आपलं कोन विकन?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. अर्जदार ताईनं मात्र पहिल्यांदा तोंड उघडलं. ती म्हणाली, "आजी, भाकर-झुणका सारेच घरी खातात, पैसे देऊन कोन खाईन? मंचुरियन कॉलेजचे पोट्टे-पोट्टी रोज खातात. माझे दोन लेकरं त्याच पैशावर शिकतीन. तुमच्या हातची लसणाची चटनी मात्र मले द्या, मी ती गाडीवर ठेवतो." आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली.

गटानं अर्ज मंजूर केला, चार अटी घालून. पहिली, कोणताही रंग नाही. दुसरी, अजिनोमोटो नाही आणि तशी पाटी गाडीवर लावायची. तिसरी, तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, आणि पिण्याचं पाणी झाकलेलं व नळाच्या टाकीत. चौथी, अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी धंदा सुरू करायच्या आधी. लहान गाडीवाल्यालासुद्धा ही नोंदणी कायद्यानं लागते, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. तुमच्या गटात कुणी पापड, लोणचं, नाश्ता असा खाण्याचा कोणताही धंदा करत असेल, तर तिलाही ती लागते. आपल्या सहयोगिनीला विचारा, अर्ज ऑनलाइन भरता येतो.

गाडी दिवाळीनंतर सुरू झाली. पहिले पंधरा दिवस गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, लाल नाही झालं." तिनं भिजवलेल्या मिरचीचा वाटा वाढवला. आता कुणी म्हणत नाही. हप्ते वेळेवर येतात. एकदा हप्ता चुकला, सोयाबीन सोंगायच्या दिवसांत. तेव्हा तालुक्याला गिऱ्हाईकच कमी असतं, सगळे वावरात. तो तिनं पुढच्या महिन्यात भरला.

मी मागच्या आठवड्यात तिच्या गाडीवर गेले होते. शाळा सुटलेल्या तीन पोरी उभ्या होत्या, एका प्लेटमध्ये तिघी. तोंडाला ओढणी नव्हती. मोठ्यानं बोलत होत्या, मोठ्यानं हसत होत्या. गाडीच्या कोपऱ्यात स्टीलच्या डब्यात आजींची लसणाची चटणी होती. पोरी तीच जास्त मागत होत्या.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात असा काही अर्ज आला, की जो पाहून वाटतं 'हे आपलं नाही', तर लगेच नाही म्हणू नका, लगेच होही म्हणू नका. एक महिना घ्या, चौकशी करा. ते कुठून आलं, कुणी आणलं, त्यात काय टाकतात, हे विचारा. मग बसून ठरवा. आणि आजींचा प्रश्नही सोबत ठेवा, की आपल्या हातचं कोण विकणार. त्याचं उत्तर तुमच्या गटाला सापडलं असेल, तर आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात आपण त्यावरच बोलू.